चाकांचं वय

जुनी रोड बाईक बघायला गेलेला माणूस आधी फ्रेमवरचं नाव वाचतो. मग रंग बघतो, ओरखडे चाचपतो, गिअर किती ते विचारतो आणि एका हातानं सायकल उचलून वजनाचा अंदाज घेतो. विकणाराही फोटो काढतो ते नावाचे, हँडलचे, सीटचे. चाकं फोटोत येतात ती टाळता येत नाहीत म्हणून. माझं मत उलटं आहे. फ्रेम सगळ्यात शेवटी बघावी. सरळ असेल, जोडांपाशी तडा नसेल, तर वीस-पंचवीस वर्षांनीही ती आपलं काम मुकाट करत राहते. चाकं मात्र दर फेरीला थोडी थोडी संपत असतात, आणि त्यातही सगळे भाग सारखे संपत नाहीत. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, एका सालचा, रिम, म्हणजे टायर बसतो ते कडं, दुसऱ्या सालची, तारा तिसऱ्या, आणि त्यातल्या दोन-चार कुणीतरी परवा-परवा बदललेल्या. जुनं चाक किती जुनं आहे, हे विचारून फारसं हाती लागत नाही. यातलं आधी काय संपणार आहे, हे कळलं की व्यवहार करता येतो.

माझी सायकल कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटच्या जिन्याखाली उभी होती. मूळ मालक इंग्लंडात नोकरी करून परतलेला. घरसामानाबरोबर त्यानं ती आणली, थोडी चालवली, मग मोटार आली. साल विचारलं तर म्हणाला, "दोन हजार पाच धरा की." शिमानो या जपानी कंपनीचे भाग असले की साल धरावं लागत नाही, वाचता येतं. त्या काळच्या भागांवर मागच्या, सहसा नजरेला न पडणाऱ्या बाजूला दोन रोमन अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं सालाचं, दुसरं महिन्याचं. १९७६ ला ए, मग दर वर्षी पुढचं अक्षर; २००१ ला झेड आलं आणि २००२ पासून पुन्हा ए. महिन्यांना ए ते एल. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या, पाठीवरचा मळ चिंधीनं पुसला तर 'डीएच' निघालं. २००५ चा ऑगस्ट. मालकाची आठवण चोख होती. १९७९ लाही डीच येतं, पण १९७९ साली नऊ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, कुठून असणार? एवढा ताळा आपला आपण करून घ्यायचा.

चाकांपाशी आल्यावर मात्र हिशेब बदलला. मागचा हब शिमानोच्याच टियाग्रा मालिकेतला, नऊ गिअरच्या काळातलाच. पण त्यावरची रिम मॅविकची ओपन प्रो. पुढची रिम तैवानच्या ॲलेक्सची, साधी. सायकल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा दोन्ही रिमा सहसा एकाच जातीच्या असतात. म्हणजे मागची मूळ रिम कधीतरी बाद झाली आणि कुणीतरी जुन्याच हबवर नवी, आधीपेक्षा चांगली रिम बांधली. मालकाला विचारल्यावर त्याला इंग्लंडातल्या एका खड्ड्यात आपटल्याचं पुसटसं आठवलं. माझ्याआधी सायकल बघून गेलेले दोघं म्हणे मॅविकचं नाव वाचून मागच्या चाकाचं कौतुक करत उभे राहिले होते. कौतुक वावगं नाही. १८८९ पासूनची फ्रेंच कंपनी आहे, आणि ही रिमही नावाजलेली. तिच्या स्टिकरवरचं 'सप' म्हणजे रिमचा सांधा नुसता खिळीवर न बसवता वितळवून जोडलेला, आणि 'यूबी कंट्रोल' म्हणजे ब्रेक घासतो ती बाजू यंत्रावर तासून सपाट केलेली. मी मात्र पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो. उरलेलं मूळ चाक तेच होतं, आणि जोरात ब्रेक मारला की जवळजवळ सगळा भार पुढच्याच चाकावर येतो.

मापांचा गोंधळ आधी उरकून टाकतो. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचं चाक अठ्ठावीस इंची. रोड बाईकच्या ७०० सी चाकालाही कागदोपत्री अठ्ठावीस इंचीच म्हणतात. तरी एकाचा टायर दुसऱ्याला होत नाही, कारण टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास काळ्या सायकलीचा ६३५ मिलिमीटर आणि ७०० सीचा ६२२. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच परदेशी रोड बाईकवर सत्तावीस इंची चाक असायचं. त्याची बैठक ६३०. म्हणजे नाव सत्तावीस आणि आकार या रोड बाईकच्या अठ्ठाविसापेक्षा मोठा. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना एकदा लक्ष्मीपुरीत भर दुपारी टायर शोधत फिरवायला हवं होतं. टायरच्या कडेवर '२५-६२२' अशी जोडी छापलेली असते, पहिली रुंदी, दुसरा बैठकीचा व्यास. तेवढीच खरी मानावी, बाकी इंच विसरावेत. सत्तावीस इंची चाकांची सायकल स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. ७०० सी चाकं बसवता येतात, फक्त ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली पोचायला हवीत. पण त्या जुन्या रिमांच्या कडा पुष्कळदा आतून सरळ असतात, टायरला पकडणारा आकडा त्यांना नसतो. त्यावर आजच्यासारखी शंभर पाउंड हवा भरली तर टायर बंदुकीच्या आवाजानं बाहेर येतो. आणि टायर रिमला चक्क डिंकासारख्या सिमेंटनं चिकटवलेला दिसला, रिमला कडाच नसल्या, तर ती शर्यतवाल्यांची ट्युब्युलर चाकं. कोल्हापुरात रोजच्या वापराला ती घेऊ नयेत. पंक्चर काढायला त्यांची शिलाई उसवावी लागते.

मागच्या चाकाचं आणखी एक माप लागतं. फ्रेमच्या दोन टोकांमध्ये हब जिथं बसतो ते अंतर. सहा-सात गिअरच्या काळात १२६ मिलिमीटर, आठ गिअर आल्यापासून रिमब्रेकच्या रोड बाईकला १३०. साधी स्टीलची पट्टी लावली की कळतं. त्याच बैठकीत हेही बघून घ्यावं की गिअरच्या चकत्या हबवर आट्यांनी फिरवून बसवलेल्या आहेत की खाचांच्या नळकांड्यावर सरकवलेल्या. पहिल्या प्रकारात फिरणारी यंत्रणा चकत्यांच्या आतच असते, आपल्या साध्या सायकलीच्या 'फ्री'सारखी. त्यात उजवीकडचे छर्रे बरेच आत जातात आणि बाहेर लटकलेला एक्सल खड्ड्यांत वाकतो, कधी तुटतो. दुसऱ्या प्रकारात ती यंत्रणा हबचाच भाग होते आणि छर्रे एक्सलच्या टोकाजवळ येतात. शिमानोनं हा प्रकार १९७८ मध्ये आणला. माझ्या हबला तोच आहे, आणि त्यावर आठ, नऊ किंवा दहा, कुठलीही कॅसेट चढते. दहाला बहुधा एक पातळ चकती मागं घालावी लागते. अकरा मात्र बसत नाही, त्याला १.८५ मिलिमीटर जास्त जागा लागते. दोन मिलिमीटरही नाहीत, आणि तेवढ्यावर लोकांनी अख्खी चाकं बदलली!

आता रिम. कोल्हापूरच्या रोड बाईकवाल्याची रिम पन्हाळ्यावर झिजते. जाताना नव्हे, येताना. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर गड, शिवाजी पूल ओलांडला की केर्ली, मग वाघबीळ, तिथून वर चढ. चढताना छाती फुटते, उतरताना ब्रेकवरची बोटं सोडवत नाहीत. उन्हाळ्यात फार काही होत नाही. खरी झीज पावसाळ्यात. गडाच्या अंगाची तांबडी माती पाण्याबरोबर रस्त्यावर येते, चाकाबरोबर उडून रिमवर बसते आणि ब्रेकचं रबर तिला रिमवर दाबून धरतं. पॉलिश पेपरनं घासल्याचा आवाज येतो तो खरोखर तेच काम चाललेलं असतं म्हणून. घरी आल्यावर फ्रेमच्या खालच्या नळीवर काळपट राखाडी पाणी ओघळलेलं दिसतं. त्यात रबर असतं आणि रिमचं ॲल्युमिनियमही. थंडीत उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यावर पाचट आणि चिपाडं असतात, पण ती निदान रिम खात नाहीत, नुसती पाडतात.

झीज बघायला फार साधनं लागत नाहीत. टायर काढायचा, स्टीलची पट्टी रिमच्या ब्रेक घासणाऱ्या बाजूवर आडवी धरायची आणि उजेडाकडं बघायचं. पट्टी सपाट बसली तर ठीक. मधून उजेडाची फट दिसली तर तितकी भिंत घासून गेली. बऱ्याच रिमांवर उत्पादकानंच खूण ठेवलेली असते, एखादी बारीक खाच किंवा गोल खळगा; ती दिसेनाशी झाली की रिम संपली. जुन्या स्वस्त रिमांवर अशी खूण नसते, तिथं मोजावंच लागतं. ती बाजू नवी असताना साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि एक मिलिमीटरला आली की तिच्यावर जीव टाकू नये. आतून टायर शंभर पाउंडांनी ढकलतो, बाहेरून ब्रेक दाबतो, आणि पातळ झालेली कड एखाद्या उतारावर पट्टीसारखी सोलून निघते. त्याआधी ती इशारा देते. हवा भरलेली असताना दर फेरीला एकाच जागी ब्रेक कचकन पकडतो, कारण तिथं भिंत बाहेर फुगलेली असते. आता यात एक मेख आहे. खिळीनं जोडलेल्या रिमला सांध्यापाशी नवेपणापासूनच असा झटका बसतो. म्हणून झटका कुठं बसतो ते खडूनं खूण करून बघावं. सांधा व्हॉल्व्हच्या बरोबर समोर असतो. तिथंच असेल तर काळजी नको. दुसरीकडं असेल तर सायकल त्या दिवसापुरती ढकलत न्यावी.

माझ्या पुढच्या रिमला पट्टी लावली तेव्हा फट होती, पण केसाएवढी. कॅलिपरनं मोजली तर भिंतीची जाडी सव्वा मिलिमीटर आली. मी मालकाला ती फट दाखवली आणि रिमच्या किमतीएवढे पैसे कमी करून मागितले. त्यानं कुरकुर केली नाही. फट समोर दिसत असली की घासाघीस होत नाही.

झीज थांबवता येत नाही, लांबवता येते. पावसातून आलं की अंग पुसायच्या आधी रिमवर बादलीभर पाणी ओतायचं. ब्रेकची रबरं काढून सुईनं त्यात रुतलेले कण टिपायचे. त्यात खडी असते आणि चकचकणारे ॲल्युमिनियमचे कपटेही असतात, जे पुढं रिमलाच ओरखडतात. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी नेटानं मारावा आणि सोडावा. रबर कडक झालं असेल तर बदलावं. रबर स्वस्त आहे.

तारांचं आणि 'आऊट'चं, म्हणजे डोलत फिरणारं चाक सरळ करण्याचं, शिक्षण मला मंगळवार पेठेतल्या मामांकडं मिळालं. मामा म्हणजे सायकल मिस्त्री, दुकान दहा बाय आठचं, समोर हवेचा पंप. त्यांचं आयुष्य काळ्या सायकलींवर गेलं. त्या चाकांना पुढं ३२ तारा, मागं ४०. माझं मागचं चाक त्यांनी हातात घेतलं, बत्तीसच तारा बघून भुवई उंचावली आणि चाक फिरवायच्या आधी बोटांनी तारा छेडत एक फेरी मारली.

"कुठनं आणलासा हे?" म्हणाले. "ह्या अंगाचा सूर एक, त्या अंगाचा एक."

हे मला ठाऊक होतं, पण इतक्या पटकन कानानं ओळखलेलं पहिल्यांदा बघत होतो. उजवीकडं नऊ चकत्यांना जागा द्यायची म्हणून हबची उजवी कड आत सरकलेली असते. तिकडच्या तारा उभ्या पडतात, डावीकडच्या तिरप्या. रिम मधोमध राहायची तर उजवीकडच्या तारा जास्त ताणाव्या लागतात आणि डावीकडच्या निम्म्या-पाऊण ताणावर सोडाव्या लागतात. काळ्या सायकलीला मागं एकच चकती, त्यामुळं तिथं हा फरक फारसा नसतो. मामांना हे सांगितलं. त्यांनी चाक उलटसुलट करून दोन्ही कडा बघितल्या आणि "म्हंजे सूर अंगाअंगाचा वेगळा लावायचा, पण एका अंगाचा सारखा पायजे" असं स्वतःशीच ठरवून टाकलं. यंत्रानं मोजायचं तर मागच्या उजव्या तारांचा ताण शंभर ते एकशेवीस किलोच्या घरात असावा लागतो. मामांकडं यंत्र नाही. माझ्याकडं एक आहे, ते लावून बघितलं तर त्यांच्या कानानं लावलेल्या तारांमध्ये फरक इतका थोडा निघाला की मी यंत्र पिशवीत ठेवलं.

आऊट काढायची त्यांची पद्धत बघण्यासारखी. निपलच्या, म्हणजे तारेचं टोक रिमला धरणाऱ्या बारक्या नटाच्या, मुळाशी आधी तेलाचा थेंब, मग चहा. तेल मुरेपर्यंत पान्याला हात नाही. जुनं निपल कोरडं फिरवलं की तार पिळते, डोकं गोल होतं, आणि मग ते कापूनच काढावं लागतं. मग ब्रेकच्या रबराजवळ काडी धरून चाक फिरवायचं आणि काडी कुठं घासते ते बघायचं. रिम डावीकडं गेली असेल तर त्या जागेच्या उजव्या तारा पाव आटा आवळायच्या आणि डाव्या पाव आटा सोडायच्या. पाव म्हणजे पावच.

"आऊट दिसला की पोरं आवळत सुटत्यात," मामा म्हणाले. "आवळून आवळून रिम षटकोनी होती. मग माझ्याकडं आणत्यात, म्हणत्यात रिम खराब हाय."

डावं-उजवं जमलं की उंच-सखल बघायचं, आणि शेवटी रिम मधोमध आहे का. त्याला चाक लावायच्या घोडीची गरज नाही. चाक फ्रेममध्ये उलटं बसवायचं. दोन्ही वेळा एकाच बाजूच्या ब्रेकपासून अंतर सारखं आलं तर मधोमध आहे. हे सगळं झालं की मामा समोरासमोरच्या तारांच्या जोड्या मुठीत धरून दाबतात. कडकड आवाज येतो, बघणारा दचकतो. पिळलेल्या तारा त्या दाबानं सुटतात, हबच्या भोकात कोपर नीट बसतं. हा दाब दिला नाही तर घरी जाईपर्यंत आऊट परत येतो.

मागच्या चाकाच्या उजवीकडच्या दोन तारा बाकीच्यांपेक्षा चकचकीत होत्या, म्हणजे आधी तुटून बदललेल्या. तार बहुधा हबपाशी, कोपरातच तुटते. जास्त आवळल्यानं तुटते असा सार्वत्रिक समज आहे. बऱ्याचदा कारण नेमकं उलट असतं. सैल तार दर फेरीला ढिली पडते, ताणते, ढिली पडते, आणि पत्र्याची पट्टी खालवर वाकवून तोडावी तशी कोपरात थकून तुटते. एखादी तुटली तर ती बदलावी आणि सगळ्यांचा ताण तपासावा. त्याच अंगाच्या एकामागून एक जाऊ लागल्या तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत हे ओळखून ती पूर्ण बाजू नवी टाकावी. नवी तार मागवताना लांबी मिलिमीटरमध्ये सांगायची, कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजून. "रोड बाईकची द्या" म्हणून मिळेल ती तार आणली की एक तर आटे पुरत नाहीत, नाही तर टोक रिममधून वर येऊन ट्यूबला टोचतं.

ट्यूबचा विषय निघालाच तर रिम टेपचं सांगतो. पंक्चर काढताना भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, हे आधी बघावं. आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रस्त्यावरच्या काचेला शिव्या देऊन उपयोग नाही. टेप सरकली आहे किंवा फाटली आहे. आपल्याकडं टेपच्या जागी जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालायची पद्धत आहे आणि काळ्या सायकलीला ती झकास चालते, कारण तिथं हवा कमी असते. शंभर पाउंडांना तीच पट्टी निपलच्या भोकात फुगून जाते. रोड बाईकला चिकटणारी कापडी टेप घालावी. आणि हवा पेट्रोल पंपावर भरायला जाऊ नये. आपल्या साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, पंपावरचा मोटारीचा वेगळा, आणि रोड बाईकचा बारीक प्रेस्टा तिसराच. त्याचं टोकाचं स्क्रू आधी सोडावं लागतं, नाही तर हवा जात नाही. पितळेचा बारका ॲडॅप्टर मिळतो, तो मी एक खिशात आणि एक मामांच्या गल्ल्यात ठेवला आहे.

हबचं काम मात्र मी घरीच करतो, कारण त्यात जी मजा आहे ती दुसऱ्याला का द्यावी? जुन्या शिमानो हबांत सुटे छर्रे असतात, वाटीत ग्रीसमध्ये बसवलेले, वरून कोन, म्हणजे एक्सलवर आवळायचा निमुळता नट. मागं एकेका बाजूला नऊ, पाव इंची. पुढं दहा-दहा, तीन सोळांश इंची. पाव इंची छर्रे आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबातही चालतात, त्यामुळं लक्ष्मीपुरीत कुठंही पुडीतून मिळतात. पण मी उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानातून घेतो. ज्या वस्तीत मोटारपंपांचे आणि इंजिनांचे भाग ओतले जातात तिथं छर्‍याचा गोलपणा विचारला तर कुणी हसत नाही. छर्रे बदलताना सगळे बदलावेत. जुन्यांत दोन नवे मिसळले की नवेच सगळा भार घेतात.

उघडल्यावर बघायचं ते कोन. छर्‍यांनी त्यावर आखलेला मार्ग चमकदार आणि गुळगुळीत असला तर छान. त्यात खड्डे पडले असतील तर कोन बदलायचा. कोन सुटा मिळतो. वाटी हबमध्येच पक्की बसवलेली असते. तिच्यात खड्डे पडले तर हब गेला. म्हणून जुनं चाक घेताना एक्सल दोन बोटांत धरून सावकाश फिरवून बघावा. खरखर लागली तर ग्रीस वाळलं असेल किंवा छर्रे खराब असतील, ते परवडतं. ठराविक जागी अडकतो-सुटतो असं जाणवलं तर वाटीवर संशय घ्यावा. कोन आवळताना एक बारकावा आहे, जो क्विक रिलीजवाल्या, म्हणजे नटांऐवजी लीव्हरनं आवळल्या जाणाऱ्या, हबालाच लागू पडतो. लीव्हर बंद केली की तिच्या दाबानं पोकळ एक्सल किंचित आखडतो आणि छर्रे घट्ट होतात. त्यामुळं चाक हातात असताना अगदी बरोबर वाटणारी आवळणी फ्रेममध्ये गेल्यावर जास्त होते. हातात असताना अंगभर नव्हे, नखभर खेळ ठेवायचा, आणि लीव्हर बंद केल्यावर तो नाहीसा झाला की जमलं. कोनाला पातळ पाना लागतो, पुढं तेरा नंबर, मागं पंधरा. जाड पान्यानं लोक कोनाच्या कडा गोल करून ठेवतात, त्यावरून आधीचा हात कुणाचा होता ते कळतं.

या क्विक रिलीजची गोष्ट सांगितली जाते ती अशी. १९२७ साली तुल्लिओ कंपान्योलो नावाच्या इटालियन शर्यतपटूला डोलोमाइटमधल्या घाटात थंडीनं गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट सोडवता आले नाहीत, आणि त्यातून त्याला लीव्हरची कल्पना सुचली. आपल्याकडं थंडीनं बोटं गारठायचा प्रश्न नाही. आपल्याकडं लोक त्या लीव्हरला नट समजून गोल गोल फिरवून आवळतात आणि बंद करायची विसरतात. लीव्हर पालथी पडायला हवी, आणि पाडताना तळहातावर तिचा वळ उठायला हवा.

कोल्हापुरात जुनी सायकल घेणाऱ्यानं आणखी एक विचारावं, की २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ही कुठं होती? पंचगंगेचं पाणी त्या दोन्ही वर्षी पार्किंगांत, तळघरांत शिरलं. पुरातून निघालेली सायकल वरून धुऊन पुसून नवी दिसते, पण हबमध्ये आणि रिमच्या पोकळीत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. विकणारा सांगेल न सांगेल. चाक कानाजवळ धरून सावकाश फिरवावं. रिमच्या पोकळीत गाळ सुकलेला असेल तर वाळूच्या घड्याळासारखी सळसळ ऐकू येते. टायर आणि टेप काढून व्हॉल्व्हच्या भोकात काडी घालून बघावी. निपलांभोवती पांढरी भुकटी धरली असेल तर ॲल्युमिनियमला गंज सुरू झाला आहे. हबचे छर्रे अशा वेळी न उघडताच बाद धरायचे आणि किंमत त्याप्रमाणे लावायची.

मित्र विचारतात, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी चाकं का घेत नाहीस? नवी हलकी आहेत, देखणी आहेत, तारा कमी आहेत. पण त्यातल्या पुष्कळांच्या तारा सरळ डोक्याच्या, त्या त्या मॉडेलच्याच. एक तुटली तर मामांच्या दुकानात काय, जिल्ह्यात मिळेल याची खात्री नाही. वीस तारांच्या चाकातली एक गेली की रिम ब्रेकला घासून जागीच थांबते. बत्तीसमधली एक गेली तर मागचा ब्रेक थोडा सैल करून गगनबावड्याहूनही घरी येता येतं. माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या माणसानं या रस्त्यांवर चाकाचं वजन मोजत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या रिमची फट यंदाच्या उन्हाळ्यात वाढलेली दिसली. अजून एक पावसाळा तिच्यावर काढायचा नाही, असं ठरलं. हब उत्तम आहे, तारा एकही न तुटलेल्या, त्यामुळं बदलायची ती फक्त रिम आणि निपलं, तीही पितळी. नवी रिम बत्तीस भोकांची आणि आतून जुनीच्याच व्यासाची मिळाली तर त्याच तारा पुरतात. नवी आणि जुनी रिम शेजारी शेजारी, व्हॉल्व्हचं भोक भोकाला लावून टेपनं बांधायची आणि एकेक तार इकडून सोडून तिकडं लावत जायची. मामांनी ही पद्धत ऐकून "बसा मग पलीकडं, तुम्हीच लावा, मी सूर बघतो" असं सांगितलं आहे. अडचण वेगळीच निघाली. नव्या रोड बाईक डिस्कब्रेकच्या येऊ लागल्यापासून ब्रेक घासायची बाजू असलेल्या साध्या बत्तीस भोकांच्या रिमा शोधाव्या लागतात. एका दुकानदारानं पुण्याहून मागवून देतो म्हटल्यावर मी एकीऐवजी दोन सांगितल्या. दुसरी सध्या बेडरूमच्या खुंटीला आहे, आणि घरच्यांनी तिच्यावर ओढण्या वाळत घालायला सुरुवातही केली आहे.